पायथ्याशी थांबणे हीही यात्राच

लाओसच्या दक्षिणेस, मेकाँग नदीच्या काठी चंपासाक हा भातशेतीचा प्रांत आहे. तेथील ‘वाट फू’, म्हणजे डोंगरावरचे मंदिर, हे मूळचे शिवस्थान. डोंगरमाथ्यावरचा नैसर्गिक सुळका लिंगासारखा दिसतो, म्हणून त्यास प्राचीन काळी लिंगपर्वत म्हणत. आज दिसणाऱ्या बहुतेक वास्तू ११ ते १३ व्या शतकांतील ख्मेर राजवटीच्या आहेत. गर्भगृहात आता बुद्धमूर्तींची पूजा होते. २००१ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

गेल्या हिवाळ्यात मी ७६ वर्षांच्या आईला घेऊन तेथे गेले. तिच्या गुडघ्यांची झीज झालेली, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. पायथ्याचे तलाव आणि दगडी खांबांची वाट तिने सावकाश पाहिली. पुढे देवचाफ्याच्या झाडांमधून वर जाणाऱ्या उंच, झिजलेल्या, कठडा नसलेल्या पायऱ्या पाहून ती थबकली. “एवढ्या लांब येऊन अर्ध्यावरून परतायचे का?” तिच्या स्वरात अपराधीपणा होता.

वाचकहो, हाच क्षण धोक्याचा असतो. घरचे ‘चला, जमेल’ म्हणतात आणि वडीलधारी माणसे भिडेखातर चढतात. परंतु गुडघ्यांवर खरा भार उतरताना येतो आणि तोल जाण्याचे भयही तेव्हाच अधिक. म्हणून कुठवर जायचे, हे पायथ्याशीच ठरवावे. चढताना बरा पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा; हाती काठी असावी. छातीत दडपण, अकारण धाप किंवा भोवळ जाणवल्यास तेथेच बसावे आणि सोबत्यांना लगेच सांगावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात सुसह्य; तरीही सकाळी लवकर जावे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना उन्हात चक्कर येऊ शकते. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. पाणी किती प्यावे, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी उपाशीपोटी चालू नये, साखर खिशात ठेवावी आणि इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीत न्यावे. पूजास्थानी पादत्राणे काढावी लागतात. पायांची संवेदना कमी झाली असेल, तर तापलेल्या दगडाने भाजल्याचे कळतही नाही. जाड मोजे घालावेत आणि रात्री तळवे तपासावेत. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. मोठ्या उपचारांसाठी सीमेपलीकडे थायलंडला जावे लागू शकते. तो खर्च प्रवासविम्यात आहे ना, हे आधी पाहावे.

आई सावलीत बसली. मी वर जाऊन कातळात कोरलेले ब्रह्मा-विष्णू-महेश आणि गर्भगृहामागचा झरा पाहून आले. त्या झऱ्याचे पाणी एके काळी दगडी पन्हळीतून शिवलिंगावर सोडलेले असे. तेवढा वेळ माझे यजमान आईपाशी थांबले होते. काळजीवाहकांनी हे आवर्जून करावे. मागे राहणाऱ्यास एकटे सोडू नये.

परतले तेव्हा आई माथ्यावरच्या सुळक्याकडे पाहत होती. म्हणाली, “पंढरीला गर्दीत आपण कळसाचे दर्शन घेतोच की. इथे तर डोंगरच देव आहे, खालूनही पूर्ण दिसतो.”

तिच्या स्वरातला अपराधीपणा आता मावळला होता. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना हे समाधान लाभावे, एवढेच आपल्या हाती आहे. किती पायऱ्या चढल्या, हे त्यांना कोणी विचारू नये.