आधी ऐकणारी शाळा शोधा

दिवाळी सरली की शहरांत बालवर्गांच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. ज्यांचं तीन वर्षांचं मूल अजून नीट बोलत नाही, त्यांना या दिवसांत दोन सल्ले हमखास मिळतात. एक घरातूनच येतो : 'याचा बापसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, थांबा जरा.' दुसरा शेजारून : 'शाळेत घाला, चार मुलांत आपोआप बोलेल.' दोन्ही मायेपोटी दिलेले आणि दोन्ही अर्धेच खरे. उशिरा बोलू लागलेली बरीच मुलं पुढे इतरांना गाठतात. पण आपलं मूल त्यांतलं आहे का, हे घरबसल्या कळत नाही. चार मुलांत बोलणं फुटतं हेही खरं, पण त्या चार मुलांच्या गलबल्यात आपल्या मुलाच्या वाट्याला बोलायची संधी आली तरच. म्हणून अशा मुलासाठी शाळा बघताना 'इथे हा किती बोलायला शिकेल' हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा आणि 'इथली मोठी माणसं याचं किती ऐकून घेतील' हा आधी विचारावा.

अर्ज भरण्यापूर्वी कान तपासा

सर्वसाधारणपणे वर्षाचं मूल एखादा अर्थपूर्ण शब्द बोलतं. दोन वर्षांचं झालं की पन्नासेक शब्द वापरतं आणि 'बाबा गेले', 'दूध दे' असे दोन शब्द जोडतं. तिसऱ्या वर्षी त्याचं बरंचसं बोलणं परक्या माणसालाही कळू लागतं. यात महिना-दोन महिने पुढेमागे होणारच. पण तिसऱ्या वर्षीही शब्द जुळत नसतील, नावाने हाक मारली तरी मूल वळत नसेल किंवा आधी येत असलेले शब्द नाहीसे झाले असतील, तर थांबू नये.

पहिली तपासणी कानांची. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकतं आणि मग महिनोन् महिने त्यांना अर्धवटच ऐकू येतं. ताट वाजवलं की मूल दचकतं, म्हणून घरच्यांना वाटतं कान शाबूत आहेत. पण 'पान' आणि 'कान' यांतला फरक ऐकू यायला ताटाच्या आवाजापुरती श्रवणशक्ती पुरत नाही. ओएई आणि बेरा या तपासण्यांत मुलाला उत्तर द्यावं लागत नाही, त्यामुळे त्या तान्ह्या बाळाच्याही करता येतात. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 पासून याच कामासाठी आहे. नायर रुग्णालयात आणि पुण्यात भारती विद्यापीठात या विषयाचं शिक्षणही दिलं जातं. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी. स्पीच थेरपिस्ट निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच नको. जिभेला वेखंड लावणं किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून जिभेखालची शीर कापून घेणं, हा तपासणीला पर्याय नाही.

अडचण एक नसते

'बोलत नाही' या दोन शब्दांत निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीची शाळेकडून अपेक्षा वेगळी असते. काही मुलांना शब्दच कमी येतात. त्यांना वस्तू हातात देत, चित्रं दाखवत, तेच शब्द पुन्हा पुन्हा कानांवर पाडणारा वर्ग हवा. काही मुलं भरपूर बोलतात, पण काकाला 'ताता' आणि गाडीला 'दादी' म्हणतात. लहानपणी हे सगळेच करतात. र, ळ, श आणि जोडाक्षरं तर उशिराच बसतात. मात्र चौथ्या वर्षीही घराबाहेरच्यांना बोलणं कळत नसेल, तर थेरपीची गरज असते. अशा मुलाला वर्गात कुणी हसणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी बाईंची.

तिसरा प्रकार अडखळण्याचा. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि बहुतेक मुलांचा तो पुढे ओसरतो. घरात कुणाला तो असेल, सहा महिन्यांहून अधिक टिकला असेल किंवा बोलताना मूल डोळे मिटून झगडत असेल, तर तज्ज्ञांना दाखवावं. गंमत अशी की अडखळणारं मूल सगळ्यांबरोबर बडबडगीत म्हणताना बहुधा अडखळत नाही. त्यामुळे रोज गाणी म्हणणारा वर्ग त्याच्या फार कामाचा. उलट 'सावकाश बोल', 'श्वास घे, मग बोल' असं सतत बजावणारी बाई, कितीही प्रेमळ असली तरी, त्याचं ओझं वाढवते. आणखी काही मुलं घरी अखंड बडबडतात आणि शाळेत महिनोन् महिने तोंड उघडत नाहीत. हा हट्ट नव्हे, भीती आहे. तिथे 'बोललास तरच खाऊ' हा उपाय घातक ठरतो.

घरी मराठी, शाळेत इंग्रजी

मराठी घरांत खरा पेच इथे पडतो. मूल उशिरा बोलतंय म्हटल्यावर काही शाळा सर्रास सांगतात, 'घरी इंग्रजीच बोला, दोन भाषांनी गोंधळ होतो.' दोन भाषांमुळे वाचेचा विकार होतो, याला संशोधनाचा आधार नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत 'कम, ईट, सिट' एवढंच बोलणारी आई मुलाला भाषा कमी देते. तीच आई मराठीत गोष्ट सांगते, रागावते, लाड करते तेव्हा मुलाला पूर्ण वाक्यं मिळतात. घरची मराठी सोडली की मुलाचं आजीआजोबांशी बोलणंही तुटतं, ते वेगळंच. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी घरांनाही हे तितकंच लागू आहे.

मग शाळा कोणत्या माध्यमाची घ्यावी? 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सुरुवातीची वर्षं मातृभाषेतून शिकवण्याची शिफारस केली आहे. ज्याला एक भाषा उभी करतानाच कष्ट पडताहेत, त्याच्यासाठी ही शिफारस अधिकच मोलाची. इंग्रजी माध्यमच घ्यायचं ठरलं, तरी मुलाने मराठीत काही सांगितलं तर बाईंना ते कळेल आणि त्या त्याला गप्प करणार नाहीत, एवढी खात्री करून घ्यावी.

अर्धा तास कोपऱ्यात बसा

माहितीपत्रक, एसी वर्ग, भिंतीवरचे डायनोसॉर यांवरून शाळा कळत नाही. वर्ग चालू असताना अर्धा तास बसू देण्याची विनंती करा. आधी डोकी मोजा : एका बाईमागे पंधरा मुलं आणि पस्तीस मुलं यांत आपल्या मुलाच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. मग आवाज ऐका. पत्र्याचं छत, गुळगुळीत फरशी आणि घुमणारा हॉल यांत शब्द विरून जातात. त्यानंतर बाईंकडे पाहा. त्या खाली बसून मुलाच्या नजरेला नजर देतात का? प्रश्न विचारल्यावर थांबतात, की उत्तरही स्वतःच देऊन टाकतात? मूल 'तावला' म्हणालं, तर 'हो, कावळा! काळा कावळा!' म्हणत पुढे जातात, की 'परत म्हण, नीट म्हण' करत सगळ्यांसमोर उभं ठेवतात?

मुख्याध्यापिकांना एक प्रश्न जरूर विचारा : 'माझ्या मुलाला शू लागली आणि सांगता आलं नाही, तर काय होईल?' खूण, चित्राचं कार्ड, ठरलेली वेळ असं काही नेमकं उत्तर आलं, तर त्या शाळेने अशी मुलं सांभाळली आहेत असं समजा. थेरपिस्टने दिलेल्या सूचना वर्गात पाळाल का, स्नेहसंमेलनात न बोलता करण्यासारखं काम द्याल का, हेही विचारा. 'महिन्याभरात बोलता करून देतो' अशी हमी देणाऱ्या शाळेपासून मात्र दूरच राहावं.

अंगणवाडी आणि कायदा

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी बालशाळा मुलांच्या अंगणात नेली आणि शंख, शिंपले, पानं, बिया ही साधनं केली. अंगणवाडीची कल्पना तिथली. 1975 पासून देशभर पसरलेल्या सरकारी अंगणवाड्यांत वाचेची अडचण असलेल्या मुलासाठी दोन गोष्टी आयत्याच असतात : शिकवणाऱ्या ताई त्याच्याच बोलीत बोलतात आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करतं. ऐकू कमी येणं आणि भाषा उशिरा येणं, या दोन्हींचा त्या तपासणीत समावेश आहे. 2013 मध्ये हा कार्यक्रम आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. खासगी शाळेत घालायचं असलं तरी अंगणवाडीत जाऊन ताईंशी बोलायला हरकत नाही.

कायद्याकडून मात्र या वयात फार अपेक्षा ठेवू नयेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषेचं दिव्यांगत्व येतं, पण त्याची व्याख्या शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेल्या कायमस्वरूपी अडचणीची आहे. उशिरा बोलणारी बहुतेक मुलं त्यात बसत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. ज्यांना 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व आहे, त्यांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण तो सहा ते अठरा वर्षांसाठी. त्याआधीच्या तीन वर्षांत मुलाला काय मिळणार, हे बरंचसं पालकांच्या निवडीवरच ठरतं.

तेव्हा यंदा प्रवेश अर्जाच्या रांगेत उभं राहण्याआधी कान तपासून घ्या, थेरपिस्टचं मत लेखी घ्या आणि ते शाळेपासून लपवू नका. ते वाचून जी शाळा नाक मुरडेल, ती तुमच्या मुलाची शाळा नव्हे. घरापासून जवळ, कमी मुलांची, घरच्या भाषेला मान देणारी आणि मुलाचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारी साधी शाळा मिळाली, तर नामांकित शाळेचा अर्ज खुशाल फाडून टाका.