‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिण्याआधी

गेल्या वर्षीची गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या सहकाऱ्याला मेल पाठवला. आठवडाभराचं काम तपासायला सांगितलं, शेवटी सवयीने ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं आणि निश्चिंत मनाने घरी गेलो. सोमवारी ग्राहकाला दाखवायला बसलो, तर केलेलं सगळं काम गायब! टीममध्ये नुकत्याच आलेल्या मुलीनेच गोंधळ घातला असणार असं धरून मी तिला चारचौघांत बोललो. तिने काही न बोलता माझाच मेल उघडून दाखवला.

‘रिव्हर्ट’ हे क्रियापद ‘मागे वळणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलं. इंग्रजीत त्याचा रूढ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे. आपल्याकडच्या ऑफिसांत मात्र ते ‘उत्तर कळवा’ म्हणून सर्रास चालतं. आणि आम्ही प्रोग्रामर वापरतो त्या ‘गिट’मध्ये रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल उलटवणे. सहकाऱ्याने तेच केलं होतं. मी लिहूनच दिलं होतं ना! गिटमध्ये जुना बदल पुसला जात नाही, त्यामुळे काम १० मिनिटांत परत आलं. त्या मुलीची माफी मात्र मी चारचौघांतच मागितली.

अशी क्रियापदं बरीच आहेत. ‘टेबल’ घ्या. ब्रिटनमध्ये एखादा विषय टेबल करणे म्हणजे तो चर्चेला मांडणे. अमेरिकेत, तो बाजूला ठेवणे! दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकी मंडळींत बराच वेळ वाद झाला आणि शेवटी दोघांनाही एकच गोष्ट हवी होती असं निघालं, हे चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या आठवणींत लिहिलं आहे. ‘सँक्शन’ही तसंच. बँक कर्ज सँक्शन करते तेव्हा पेढे वाटायचे. एखाद्या देशाला सँक्शन केलं, तर त्याच्यावर निर्बंध आले म्हणायचं.

खरं तर आपल्या इंदूरच्या मराठी मुलांना हे नव्याने शिकवायला नको. घरी आई म्हणायची, ‘चेष्टा करू नकोस’, म्हणजे थट्टा करू नकोस. शाळेच्या हिंदी पुस्तकात ‘चेष्टा करना’ म्हणजे प्रयत्न करणे. ‘शिक्षा’ शाळेत घ्यायची आणि घरी भोगायची! उंबरठा ओलांडला की शब्दाचा अर्थ बदलतो, हे आपल्या लहानपणापासून अंगवळणी पडलेलं आहे. इंग्रजी लिहिताना तेवढंच विचारायचं: वाचणारा कुठल्या घरचा?

मी आता सरळ ‘प्लीज रिप्लाय’ लिहितो. आणि महत्त्वाचा मेल असला, तर पाठवण्याआधी त्याच मुलीला एकदा वाचायला देतो. ती अजून कधीकधी हसते.