बिळावरून वंशावळ

प्राण्याचं कूळ ठरवायचं तर दात तपासायचे, कवटी मोजायची, ही जुनी रीत. उंदीर, खार, साळिंदर अशा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, म्हणजे कृंतकांच्या बाबतीत ती अनेकदा अडखळते. सस्तन प्राण्यांच्या सुमारे ४० टक्के प्रजाती या एकाच गणातल्या, आणि त्यातले कित्येक उंदीर एकमेकांशेजारी ठेवले तर जाणकारही गोंधळतो. मग प्राणी वागतो कसा, हा पुरावा धरावा का?

पक्ष्यांच्या अभ्यासकांनी तो केव्हाच धरला होता. कॉनराड लॉरेन्झ यांनी १९४१ साली बदकांच्या प्रणयातल्या हालचालींवरून त्यांची आपसातली नाती मांडली. यात गृहीत असं, की हालचालही हाडासारखीच वारशानं येते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक आयब्ल-आयबेसफेल्ट यांच्या खारींनी त्याला दुजोरा दिला. एकटी, पातळ अन्नावर वाढवलेली, कधी माती न पाहिलेली खार अक्रोड मिळताच कडक फरशी उकरायची, अक्रोड नाकाडानं दाबायची आणि नसलेली माती पंजांनी थोपटायची!

पण सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे बीळ. उत्तर अमेरिकेतल्या पेरोमिस्कस वंशातल्या उंदरांच्या दोन अगदी जवळच्या प्रजाती घ्या. मॅनिक्युलेटस आखूड, साधं बीळ खणतो. आग्नेय अमेरिकेतला पोलिओनोटस मात्र लांब बोगदा खणून घरटं करतो आणि घरट्यापासून वर, जमिनीच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळपर्यंत, आणखी एक वाट काढून ठेवतो. साप आत शिरला, की वरचा पातळ थर फोडून पसार. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले उंदीरही वाळू मिळाली की आपापल्या घराण्याचंच बीळ खणतात. जीवशास्त्रज्ञ होपी हुक्स्ट्रा यांच्या गटानं अशा बिळांत फुगणारा फोम ओतून त्यांचे साचे काढले. दोन्ही प्रजातींच्या संकरातून झालेली पिल्लं लांब बीळ खणणारी निघाली. पुढच्या संकरांत मात्र बोगद्याची लांबी आणि सुटकेची वाट हे गुण वेगवेगळे झाले. २०१३ साली त्यांनी दाखवलं, की लांबीमागे जनुकसंचातल्या तीन जागा आहेत, वाटेमागे एक. वंशवृक्षावर ठेवून पाहिलं तर साधं बीळ जुनं, पोलिओनोटसचं नंतरचं.

इथे एक उलटापालट झालेली दिसते. लॉरेन्झ वर्तनावरून वृक्ष काढत होते. आज वृक्ष डीएनएवरून निघतो आणि वर्तन त्यावर टांगून वाचलं जातं. मला हा बदल योग्य वाटतो, कारण वर्तन फसवतंही. आशिया-आफ्रिकेच्या वाळवंटातले जर्बोआ आणि अमेरिकेतले कांगारू-उंदीर दोघेही मागच्या पायांवर उड्या मारतात. नातं मात्र दूरचं. पायानं जमीन ठोकून इशारा देणंही वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे आलं. परिस्थिती सारखी असली, की तोच उपाय पुन्हा सुचतो. माझ्या मते पोटासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी केलेल्या कामापेक्षा त्याच्या पद्धतीतला बारकावाच कूळ सांगतो.

तरी वर्तनावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. डी केरोझ आणि विम्बर्गर या संशोधकांनी १९९३ साली वर्तन आणि शरीररचना हे दोन्ही प्रकारचे पुरावे ताडून पाहिले, तेव्हा वर्तन शरीररचनेपेक्षा जास्त दिशाभूल करतं, असं आढळलं नाही.

आपला शेतकरी तोंडाशी साचलेल्या मातीच्या ढिगावरून घुशीचं बीळ ओळखतो. ही माहिती प्राणिशास्त्राच्या कामाची आहे. शेतातली बिळं उकरताना कुणी त्यांची लांबी, फाटे, धान्याची कोठारं यांचा आराखडा वहीत उतरवून ठेवला, तर तो संग्रहालयातल्या कवटीइतकाच मोलाचा ठरेल. महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनी हे काम विद्यार्थ्यांना जरूर द्यावं.