दगड, गवत आणि वारसा : ‘स्प्रिंग हिल’ शेतवाडीचे जतन

प्रस्तावना :
ऐतिहासिक वास्तूंच्या अभ्यासात किल्ले, मंदिरे व राजवाडे यांना अग्रस्थान मिळते. शेती व पशुपालनाशी निगडित वास्तू मात्र उपेक्षित राहतात. या दृष्टीने अमेरिकेच्या कॅन्सास राज्यातील चेज परगण्यातील ‘स्प्रिंग हिल’ ही शेतवाडी अभ्यसनीय ठरते.

भौगोलिक पार्श्वभूमी :
हा प्रदेश ‘फ्लिंट हिल्स’ या नावाने ओळखला जातो. येथील चुनखडकात चकमकीचे दगड विपुल असल्याने नांगरट दुष्कर ठरली व उंच गवताची कुरणे टिकली. उत्तर अमेरिकेतील मूळ उंच गवताळ प्रदेशाचा सुमारे ४ टक्के भागच आज शिल्लक असून, त्यातील बहुतांश याच टेकड्यांत आहे. वृक्ष विरळ असल्याने बांधकामासाठी दगडाचाच आधार घेतला गेला.

वास्तू व दगडखाण :
स्टीफन जोन्स हे १८७८ मध्ये येथे आले. १८८१ मध्ये त्यांचे ११ खोल्यांचे निवासस्थान पूर्ण झाले. त्यासोबत तीन मजली गोठा-कोठार, बर्फघर, खुराडे व कुंपणाच्या भिंती चुनखडकातच उभारण्यात आल्या. हा दगड आडव्या थरांत आढळतो. एका रेषेत छिद्रे पाडून त्यांत पाचरी ठोकल्या असता तो सरळ दुभंगतो. खाणीतून नुकताच काढलेला असताना तो तुलनेने मऊ असल्याने घडविणेही सुलभ जाते. १८८८ मध्ये ही मालमत्ता बार्नी लँट्री यांच्याकडे गेली. ते रेल्वेचे कंत्राटदार व दगडखाणींचे मालक होते. अशा रीतीने खाण, रेल्वे व पशुपालन हे तीन व्यवसाय एका हाती आले.

जतनाचे स्वरूप :
१९९६ मध्ये येथे राष्ट्रीय गवताळ संरक्षित क्षेत्र स्थापन झाले, तर १९९७ मध्ये शेतवाडीस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. अशा भिंतींच्या दुरुस्तीत कठीण सिमेंट वापरल्यास ओलावा दगडातच अडकून त्याची झीज होते; म्हणून चुन्याचा दर्जा इष्ट मानला जातो. २००९ मध्ये कुरणात गव्यांसारखे बायसन पुन्हा सोडण्यात आले.

निष्कर्ष :
नांगराला अडविणाऱ्या खडकानेच येथे घरे दिली व गवतही राखले. तथापि, कॅन्सासमधील कॉ जमातीस १८७३ मध्ये दक्षिणेकडे हलविण्यात आले, त्यानंतर पाच वर्षांनी ही वाडी सुरू झाली. या स्थलांतराचा उल्लेख वगळून केलेले वास्तुजतन अपूर्णच राहील.