धर्मभगिनी गेल्या, पालक आले : अमेरिकेतील कॅथलिक शाळांचा निधी कसा उभा राहतो

अमेरिकेतील एखाद्या कॅथलिक चर्चच्या सभागृहात मे महिन्याच्या अखेरीस पालकांची बैठक भरते. शाळेचे वर्ष संपत आलेले असते आणि विषयपत्रिकेवर पुढील वर्षाचे कार्यक्रम असतात : शरद ऋतूतील पदयात्रा, नाताळचा बाजार, उपवासकाळातील शुक्रवारचे मासळीभोजन, वसंतातील लिलाव. वरवर पाहता हे स्नेहसंमेलनाचे नियोजन वाटते. प्रत्यक्षात या यादीच्या तळाशी एक रक्कम लिहिलेली असते. ती जमली नाही, तर संगीतशिक्षकाचे अर्धवेळ पद किंवा ग्रंथालयाची खरेदी अडचणीत येते.

शाळा चालविण्याचा भार असा पालकांवर येण्यामागे दीर्घ इतिहास आहे. १८८४ मध्ये बाल्टिमोर येथे भरलेल्या अमेरिकी बिशपांच्या परिषदेने प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा असावी, असा आदेश दिला. तो सर्वत्र पाळला गेला नाही. तरीही १९६० च्या दशकाच्या मध्यास देशात सुमारे १३ हजार कॅथलिक शाळा आणि ५२ लाखांहून अधिक विद्यार्थी होते. या विस्ताराचा खरा आधार होता धर्मभगिनींचे श्रम. दारिद्र्यव्रत घेतलेल्या या शिक्षिका नाममात्र मानधनावर शिकवीत आणि शाळेच्या आवारातील मठात राहत. १९६० मध्ये कॅथलिक शाळांतील शिक्षकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश धर्मभगिनी, धर्मबंधू किंवा धर्मगुरू होते. दहाच वर्षांत हे प्रमाण निम्म्याखाली आले. आज ते तीन टक्क्यांच्या आसपास आहे. त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकांना घरभाडे भरावे लागते, मुले वाढवावी लागतात. त्यांना पगार द्यावाच लागतो. त्यातच १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘लेमन विरुद्ध कुर्ट्झमन’ खटल्यात धार्मिक शाळांच्या शिक्षकांना राज्याच्या तिजोरीतून वेतनसाहाय्य देणारे कायदे घटनाबाह्य ठरविले. धर्मभगिनींची जवळजवळ विनामूल्य सेवा संपली आणि सरकारी मदतीचा सरळ मार्गही बंद झाला. राहिले शुल्क, चर्चमधील दानपेटी आणि पालक.

तुटीचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शाळेत २०० मुले आहेत. प्रत्येक मुलामागे वर्षाला ८ हजार डॉलर खर्च येतो आणि शुल्क ६ हजार आहे. तूट झाली ४ लाख डॉलरची. यातील काही भाग धर्मग्राम, म्हणजे स्थानिक चर्चचा भाविकसमुदाय, आपल्या दानातून भरतो. काही धर्मप्रांताकडून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून येतो. उरलेली रक्कम पालकांच्या संघटनेने उभी करावी, अशी अपेक्षा असते. अनेक ठिकाणी या संघटनेला ‘होम अँड स्कूल असोसिएशन’ म्हणतात.

मासळीभोजन, म्हणजेच ‘फिश फ्राय’, हा या सर्व कार्यक्रमांतील सर्वांत अस्सल कॅथलिक प्रकार होय. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य असते, मासे चालतात. या एका नियमावर ओहायो, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हानिया यांसारख्या राज्यांत सभागृहेच्या सभागृहे भरतात. (मॅकडोनाल्ड्सचे माशाचे सँडविचही १९६२ मध्ये याच कारणाने जन्मले. सिनसिनाटीतील एका शाखेची विक्री शुक्रवारी कोसळत असे, कारण आसपासची वस्ती कॅथलिक होती.) गुड फ्रायडे वगळला, तर एका उपवासकाळात असे सहा शुक्रवार मिळतात. गोठवलेल्या मासळीची मागणी आठवड्याच्या आरंभीच नोंदवावी लागते. स्थानिक आरोग्य खात्याच्या अटी पाळाव्या लागतात. तळणीपाशी अनुभवी माणसे, ताटे वाढायला आठवीची मुले आणि गल्ल्यावर दोघे जण, कारण रोकड एकट्याने मोजायची नाही हा बहुतेक धर्मप्रांतांचा दंडक आहे. पुन्हा कल्पित आकडे घ्यायचे, तर १५ डॉलरची ४०० ताटे विकली गेली आणि निम्मा खर्च वजा झाला, तर एका संध्याकाळी ३ हजार डॉलर उरतात. सहा शुक्रवारांचे १८ हजार. चार लाखांच्या तुटीपुढे ही रक्कम लहान आहे. मात्र शेजारी, वृद्ध आणि कॅथलिक नसलेले लोकही या निमित्ताने शाळेच्या दारात येतात. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सुरू होणाऱ्या आणि १९७४ पासून पाळल्या जाणाऱ्या ‘कॅथलिक शाळा सप्ताहा’त शाळेची दारे खुली ठेवण्यामागेही हाच विचार असतो. एका नव्या विद्यार्थ्याचे शुल्क अनेक सोडतींना भारी पडते.

जमलेला पैसा कोणाचा, या प्रश्नावर मात्र पालकांचा अनेकदा गैरसमज होतो. धर्मग्रामाच्या शाळेतील पालक संघटना सहसा स्वतंत्र संस्था नसते. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेनुसार सर्व कायदेशीर व्यवहारांत धर्मग्रामाचे प्रतिनिधित्व प्रमुख धर्मगुरू करतात. त्यामुळे संघटनेचे बँकखातेही अखेर त्यांच्या अधिकाराखाली येते. पालकांच्या बाजूनेही या संहितेत दोन तरतुदी आहेत. कलम ७९६ प्रमाणे शिक्षकांनी पालकांचे म्हणणे आस्थेने ऐकावे आणि त्यांच्या संघटना किंवा सभा स्थापन कराव्यात. कलम १२६७ प्रमाणे विशिष्ट हेतूसाठी दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरले गेले पाहिजे. म्हणूनच जाणते कोषाध्यक्ष पत्रकावर ‘शाळेच्या मदतीसाठी’ असे मोघम न लिहिता ‘विज्ञान प्रयोगशाळेसाठी’ असे लिहितात. त्या दोन शब्दांमुळे तो पैसा छताच्या दुरुस्तीकडे वळविता येत नाही.

करकायद्याच्या बारकाव्यांतही स्वयंसेवक अडखळतात. बिशप परिषदेला मिळालेल्या सामूहिक मान्यतेमुळे या शाळांना दिलेली देणगी करसवलतीस पात्र असते. पण सोडतीचे तिकीट ही देणगी नव्हे. लिलावात ३०० डॉलर बाजारभावाची वस्तू ५०० ला घेतली, तर सवलत वरच्या २०० पुरतीच. मोबदल्यात काही देऊन ७५ डॉलरहून अधिक रक्कम स्वीकारली, तर त्या मोबदल्याचे मूल्य देणगीदाराला लेखी कळविणे बंधनकारक आहे. ज्याने जितके विकले तितकी त्याच्या मुलाच्या शुल्कात सूट, ही कल्पना तर न्याय्य वाटूनही धोक्याची आहे. २०१३ मध्ये अमेरिकी करन्यायालयाने एका जिम्नॅस्टिक्स क्लबच्या पालक मंडळाचा करमुक्त दर्जा रद्द होण्यावर याच कारणाने शिक्कामोर्तब केले. सर्वांसाठी गोळा केलेला पैसा विकणाऱ्या कुटुंबांच्याच खात्यावर जमा होत होता. सोडतीचे नियमही राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात जमलेल्या रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम धर्मादाय कामासाठीच वापरावी लागते. निम्मी रक्कम विजेत्याला देणारी, इतरत्र लोकप्रिय असलेली सोडत तेथील शाळेला काढता येत नाही.

चर्चमधील बाललैंगिक अत्याचारांची प्रकरणे उघड झाल्यानंतर बिशपांनी २००२ मध्ये डॅलस येथे बालसंरक्षणाची सनद स्वीकारली. तेव्हापासून मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासली जाते आणि त्याला प्रशिक्षणही घ्यावे लागते. काही पालकांना हा जाच वाटतो. ज्या संस्थेचा भूतकाळ असा आहे, तिने याहून कमी काही मागणे योग्य ठरले नसते.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे एक फरक ठळकपणे जाणवेल. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला शुल्कनिश्चितीत स्थान दिले आणि तिच्यावरील पालक सोडतीने निवडण्याची तरतूद केली. अमेरिकी धर्मग्रामाच्या शाळेतील पालकांना शुल्क ठरविण्याचा असा वैधानिक अधिकार नाही. तेथे पालकांकडून श्रम अपेक्षित असतात. निर्णयात मात्र त्यांचे मत सल्ल्यापुरते असते.

श्रमांची वाटणीही सरळ नाही. अनेक शाळा दरवर्षी प्रत्येक कुटुंबाकडून ठरावीक तासांची सेवा मागतात. ती न केल्यास रक्कम भरावी लागते. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या एकल मातेला संध्याकाळही मोकळी नसते आणि रक्कमही परवडत नाही. सुसंपन्न वस्तीतील शाळा मात्र एका लिलावात इतरांच्या वर्षभराच्या कमाईइतका निधी उभारते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये क्लीव्हलंडची शैक्षणिक व्हाउचर योजना वैध ठरविल्यापासून काही राज्यांत सार्वजनिक पैसा पालकांमार्फत या शाळांपर्यंत पोहोचू लागला आहे. तरीही शाळांची संख्या सहा हजारांच्या आत आणि विद्यार्थीसंख्या १७ लाखांच्या आसपास आली आहे. बंद पडलेल्या शाळांतही फिश फ्राय होत होते आणि पालक तळणीपाशी उभे होते. मे महिन्याच्या त्या बैठकीत म्हणूनच पुढील वर्षाच्या प्रवेशांचा आकडा आधी विचारला जातो आणि मग मासळीची जबाबदारी कोण घेणार, हे विचारले जाते. या दुसऱ्या प्रश्नावर सभागृहात बराच वेळ शांतता असते.