कोड तोच, कंपायलर नवा : मग यंत्र वेगळं का वागतं?

लस साठवण्याच्या फ्रिजमध्ये तापमान साधारण २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावं लागतं. काही लशी एकदा गोठल्या की निकामी होतात आणि कुपीकडे नुसतं बघून ते दर वेळी कळतंच असं नाही.

समजा, अशा एका फ्रिजच्या नियंत्रक सर्किटमधला प्रोग्राम दहा-बारा वर्षं बिनतक्रार चालतोय. कंपनीने प्रोग्राम बदलला नाही, फक्त तो ज्या सॉफ्टवेअरने तयार होतो तो कंपायलर बदलला. नव्या कंपायलरने एकही चूक दाखवली नाही. फ्रिज नेहमीसारखा सुरू झाला. मग एका रात्री सेन्सरजवळचं तापमान घसरून उणे १ झालं आणि कॉम्प्रेसर सुरू झाला. आतली हवा आणखी गार झाली, तरी तो थांबेना.

उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातली चूक खरी आहे आणि अगदी साध्या कारणाने होऊ शकते. ती समजून घेण्यासाठी आधी कंपायलर काय करतो ते पाहू.

कंपायलर म्हणजे नेमकं काय?

वॉशिंग मशीन, वीज मीटर, लिफ्ट, रिमोट अशा असंख्य वस्तूंमध्ये मायक्रोकंट्रोलर नावाची चिप असते. प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या पिना असं सगळं त्या एकाच चिपमध्ये असतं. इंटेलने १९८० मध्ये आणलेली ८०५१ ही या कुळातली गाजलेली चिप. महाराष्ट्रातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविका आणि पदवीच्या अनेक विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत पहिला एलईडी लुकलुकवला तो याच चिपवर.

अशा चिपसाठी प्रोग्राम बहुधा सी भाषेत लिहितात. चिपला मात्र सी कळत नाही, तिला फक्त शून्य आणि एकच्या स्वरूपातल्या आज्ञा कळतात. सी मधला मजकूर त्या आज्ञांमध्ये उतरवणारा दुभाषी म्हणजे कंपायलर.

गोम अशी की सी भाषेच्या प्रमाण नियमांमध्ये सगळंच ठरवून दिलेलं नाही. पाककृतीत ‘मीठ चवीपुरतं’ असं लिहिलेलं असतं, तसं काही ठिकाणी सी भाषा निर्णय कंपायलरवर सोडते. दोन्ही स्वयंपाकी पाककृतीला धरूनच चालतात, तरी आमटीची चव वेगळी लागते. वर्षानुवर्षं एकाच्याच हातचं खाल्लं असेल, तर मिठाचं प्रमाण कागदावर नव्हतंच हे लक्षातही येत नाही.

बदलायची वेळ येतेच का?

चालतंय तर हात कशाला लावा, हा प्रश्न रास्त आहे. पण यंत्रं कंपायलरपेक्षा जास्त जगतात. जुना कंपायलर नव्या संगणकावर चालत नाही, परवाना महाग पडतो किंवा बनवणारी कंपनीच तो मागे टाकते. आर्म प्रकारच्या चिपसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘कील एमडीके’ या संचात ५.३७ या आवृत्तीपासून ‘आर्म कंपायलर ५’ सोबत मिळेनासा झाला आणि त्याच्या जागी वेगळ्या पायावर उभा असलेला ‘आर्म कंपायलर ६’ आला.

८०५१ च्या जगात ‘कील सी५१’ हा व्यावसायिक कंपायलर वर्षानुवर्षं वापरात आहे. त्याची फुकट चाचणी आवृत्ती २ किलोबाइटपर्यंतचाच कोड तयार करते. दुसरीकडे ‘एसडीसीसी’ हा मुक्त कंपायलर आहे. संदीप दत्ता यांनी त्याची सुरुवात केली आणि पुढे जगभरातल्या स्वयंसेवकांनी तो वाढवला. त्याला परवान्याचा खर्च नाही, म्हणून कीलवरून एसडीसीसीवर जाण्याचा मोह अनेकांना होतो. पुढची उदाहरणं याच स्थलांतराची आहेत.

दिसणाऱ्या चुका सोप्या

पहिल्याच प्रयत्नात नवा कंपायलर चुकांची भली मोठी यादी समोर ठेवतो. ती पाहून धडकी भरते, पण हा भाग खरं तर सोपा असतो.

८०५१ मध्ये मेमरीचे वेगवेगळे कप्पे आहेत. कोणती माहिती कोणत्या कप्प्यात ठेवायची हे सांगायला कीलने ‘डेटा’, ‘एक्सडेटा’, ‘कोड’ असे खास शब्द सी भाषेत घातले. एसडीसीसीतही हेच शब्द आहेत, फक्त प्रत्येकाच्या आधी दोन अधोरेखा द्याव्या लागतात. एखाद्या पिनेला नाव द्यायची पद्धतही वेगळी. कीलमध्ये पोर्टच्या नावापुढे टोपीसारखं चिन्ह आणि बिटचा क्रमांक लिहितात, एसडीसीसीत त्या बिटचा थेट पत्ता द्यावा लागतो.

हे बदल कंटाळवाणे असले तरी धोक्याचे नाहीत, कारण चुकलं तर कंपायलर लगेच अडवतो. खरी भीती आहे ती न अडवणाऱ्या फरकांची.

उणे १ चे २५५ कसे होतात?

सी मध्ये ‘कॅर’ नावाचा एका बाइटचा प्रकार आहे. एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या किमती मावतात. त्या उणे १२८ ते १२७ अशा समजायच्या की ० ते २५५ अशा? नुसतं ‘कॅर’ लिहिलं तर सी भाषा याचं उत्तर देत नाही. हे झालं पहिलं ‘चवीपुरतं मीठ’.

कील सी५१ नुसत्या ‘कॅर’ला उणे किमती घेणारा मानतो. एसडीसीसीच्या आताच्या आवृत्त्या त्याला फक्त शून्य आणि त्यावरच्या किमती घेणारा मानतात. मेमरीत बिट तेच राहतात, त्यांचा अर्थ बदलतो. उणे १ साठी आठही बिट १ असतात आणि तेच बिट दुसऱ्या पद्धतीने वाचले की २५५ होतात.

आता फ्रिजकडे परत येऊ. प्रोग्राममध्ये अट साधी आहे : तापमान ५ पेक्षा जास्त असेल तर कॉम्प्रेसर चालू कर. आत उणे १ आहे, प्रोग्रामला मात्र २५५ दिसतात. २५५ हे ५ पेक्षा जास्तच, म्हणून कॉम्प्रेसर सुरू. तापमान उणे २ झालं तर २५४ दिसतात, उणे ३ झालं तर २५३. यंत्राच्या दृष्टीने आत आग लागली आहे आणि ते इमानदारीने गार करत राहतं.

टेबलावर चाचणी घेताना हे कळणार नाही, कारण खोलीत तापमान २५-३० अंश असतं आणि शून्याच्या वर दोन्ही अर्थ सारखेच निघतात.

उलटा वाचलेला आकडा

दुसरा फरक मोठ्या संख्यांचा. ८०५१ मुख्यतः एका वेळी एकच बाइट हाताळते. २५५ पेक्षा मोठी संख्या दोन बाइटमध्ये मांडावी लागते. मोठ्या वजनाचा बाइट आधी ठेवायचा की लहान, हे कंपायलर ठरवतो. कील मोठा आधी ठेवतो, एसडीसीसी लहान.

प्रोग्रामच्या पोटात सगळं एकाच पद्धतीने चाललं असेल तर काही बिघडत नाही. पण समजा, जुन्या प्रोग्रामने हव्या असलेल्या तापमानाचा आकडा ५०० (म्हणजे ५.०० अंश) दोन बाइट जसेच्या तसे उचलून बाजूच्या ईईप्रॉम चिपमध्ये लिहून ठेवला आहे. वीज गेली तरी ही चिप माहिती विसरत नाही. ५०० म्हणजे २५६ गुणिले १ अधिक २४४. नव्या प्रोग्रामने तेच बाइट उलट्या क्रमाने वाचले की २५६ गुणिले २४४ अधिक १, म्हणजे ६२,४६५ होतात.

कोऱ्या ईईप्रॉमवर चाचणी घेतली तर सगळं ठीक दिसतं. नवा प्रोग्राम स्वतःच लिहितो आणि स्वतःच बरोबर वाचतो. घोटाळा होतो तो आधीच विकलेल्या यंत्रात नवा प्रोग्राम घातल्यावर.

इंटरप्ट येतो, पण दाराशी कुणी नाही

टायमरची वेळ भरली किंवा बटण दाबलं, की चिप हातातलं काम सोडून एका ठरलेल्या पत्त्यावर जाते. याला इंटरप्ट म्हणतात. त्या पत्त्यावर योग्य फंक्शनकडे नेणारी पाटी लावण्याचं काम कंपायलरचं.

एसडीसीसीची एक अट आहे. इंटरप्टचं फंक्शन कोणत्याही फाइलमध्ये असू शकतं, पण ‘मेन’ हे मुख्य फंक्शन ज्या फाइलमध्ये आहे, तिथे इंटरप्टच्या फंक्शनची ओळख करून देणारी ओळ असायलाच हवी. ती विसरली तर पाटी लागत नाही. प्रोग्राम तयार होतो, चिपमध्येही भरला जातो. मग इंटरप्ट आला की चिप त्या पत्त्यावर जाते आणि तिथे जे काही पडलेलं असेल ते आज्ञा समजून पाळू लागते.

१२८ बाइटांचा संसार

मूळ ८०५१ मध्ये कामाची आतली मेमरी फक्त १२८ बाइट. मोबाइलवरचा एक छोटा निरोपही याहून मोठा असू शकतो. एवढ्यात भागवायचं तर जी फंक्शन्स एकाच वेळी चालत नाहीत, त्यांना तीच जागा आलटून-पालटून द्यावी लागते. कीलचा लिंकर कोणतं फंक्शन कोणाला हाक मारतं याचा पूर्ण नकाशा मांडून ही वाटणी करतो. एसडीसीसी ही सोय मुख्यतः दुसऱ्या कुणाला हाक न मारणाऱ्या फंक्शन्सपुरतीच देतो. त्यामुळे कीलमध्ये मावलेला प्रोग्राम एसडीसीसीत मावेलच असं नाही.

अजिबात मावला नाही तर निदान कळतं तरी. जेमतेम मावला, तर तात्पुरत्या नोंदींच्या स्टॅकला जागा कमी उरते आणि चालू असताना तो दुसऱ्याच्या जागेत घुसतो. यंत्र आठवड्यातून एकदा विचित्र वागतं आणि कारण सापडत नाही.

वेळेचंही तसंच. थोडं थांबायचं म्हणून अनेकजण हजार वेळा नुसता फिरणारा रिकामा लूप लिहितात. नव्या कंपायलरने त्यासाठी वेगळ्या आज्ञा निवडल्या की थांबण्याचा काळ बदलतो. काही कंपायलर तर असा लूप निरुपयोगी समजून काढूनच टाकतात.

मग बदल करायचा कसा?

अनुभवी मंडळी नवा कंपायलर उघडण्याआधी जुन्यातच बरंचसं काम उरकतात. नुसता ‘कॅर’ जिथे जिथे संख्येसाठी वापरला आहे, तिथे तो उणे किमती घेणार की नाही हे स्पष्ट लिहितात. ईईप्रॉममध्ये किंवा तारेवरून जाणारे बाइट कोणत्या क्रमाने जातील हे कोडमध्येच बांधून टाकतात. थांबण्यासाठी रिकाम्या लूपऐवजी चिपमधला टायमर वापरतात. थोडक्यात, ‘चवीपुरतं’ खोडून तिथे ‘एक चमचा’ लिहितात. मग जुन्याच कंपायलरवर सगळं पुन्हा तपासतात. इथे काही बिघडलं तर दोष नव्या कंपायलरचा नाही, हे निश्चित कळतं.

त्यानंतर कंपायलरगणिक बदलणारे शब्द एका वेगळ्या हेडर फाइलमध्ये गोळा करतात. एसडीसीसीसोबत अशी एक तयार फाइलही येते. बाकीच्या कोडला कंपायलर कोणता आहे याची फिकीर उरत नाही.

शेवटी खरी परीक्षा. एकसारख्या दोन बोर्डांवर जुना आणि नवा प्रोग्राम घालून दोघांना तेच इनपुट द्यायचं आणि वागणं ताडून पाहायचं. नेहमीच्या किमती पुरत नाहीत. शून्य, उणे १, १२७, उणे १२८ अशा काठावरच्या किमती द्यायच्या. जुन्या यंत्रातली भरलेली ईईप्रॉम लावून पाहायची. लिंकरने तयार केलेली मॅप फाइल उघडून मेमरी किती उरली आणि इंटरप्टच्या पत्त्यावर काय आहे हे बघायचं. एवढं करूनही जुना कंपायलर फेकायचा नाही. त्याची प्रत, आवृत्तीचा क्रमांक आणि तयार झालेली हेक्स फाइल जपून ठेवायची, म्हणजे कधी परत फिरावं लागलं तर वाट शिल्लक राहते.

त्या फ्रिजमधली चूक दुरुस्त करायला एकच शब्द पुरला असता : ‘कॅर’च्या आधी ‘साइन्ड’. जुन्या कंपायलरला तो शब्द न लिहिताही अर्थ कळत होता, म्हणून तो लिहिण्याची गरज कुणाला वाटली नाही. कंपायलर बदलताना अशाच न लिहिलेल्या शब्दांचा शोध घ्यावा लागतो.