दुसऱ्या फळीची केमो आणि नंदुरबारचे वाणी

जठराच्या कर्करोगावरच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल 2025 मध्ये शिकागोच्या कर्करोग परिषदेत मांडले गेले. पहिली केमोथेरपी चालेनाशी झालेले, आणि ज्यांच्या गाठीवर ‘हर-टू’ हे प्रथिन भरपूर आहे असे रुग्ण त्यात होते. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन हे नवे औषध मिळालेल्यांचे मध्यक आयुष्य 14.7 महिने भरले, तर पॅक्लिटॅक्सेल आणि रामुसिरुमॅब ही आतापर्यंतची जोडगोळी घेणाऱ्यांचे 11.4 महिने. फरक तीन महिन्यांहून थोडा अधिक. निरोगी माणसाला तो किरकोळ वाटेल. पण या आजाराचा मागचा इतिहास पाहिला की त्याचे मोल कळते.

पसरलेला जठराचा कर्करोग पुरता बरा होणे फार विरळा. पहिल्या फळीच्या औषधांनी गाठ काही महिने आक्रसते आणि मग पुन्हा वाढू लागते. अशा वेळी डॉक्टर ‘सेकंड लाइन’चा विषय काढतात. ती द्यावी की रुग्णाला आणखी त्रास न देता घरी जाऊ द्यावे, यावर वर्षानुवर्षे नुसती मतमतांतरे होती, पुरावा नव्हता. जर्मनीतल्या एका गटाने इरिनोटेकन देणे आणि न देणे यांची थेट तुलना करायला घेतली, पण पुरेसे रुग्ण मिळेनात. शेवटी अवघ्या 40 जणांवर ती चाचणी थांबवावी लागली. 2011 मध्ये निकाल छापला गेला: केमो घेणारे 4 महिने, न घेणारे 2.4 महिने. पुढच्याच वर्षी कोरियातून सुमारे 200 रुग्णांचा निकाल आला: 5.3 विरुद्ध 3.8. ब्रिटनमधल्या 168 रुग्णांच्या चाचणीत डोसिटॅक्सेल घेणाऱ्यांचे 5.2 महिने आणि फक्त लक्षणांवर उपचार घेणाऱ्यांचे 3.6 महिने भरले.

तीन देश आणि उत्तर जवळपास एकच: दीड महिना. ब्रिटनच्या चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली आणि तिची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. केमो घेणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या, मळमळ आणि उलट्याही कमी झाल्या. औषधाचा त्रास होताच. पांढऱ्या पेशी घसरून ताप येणे, थकवा, जंतुसंसर्ग हे सगळे होते. तरीही गाठीने दिलेला त्रास औषधाने दिलेल्या त्रासापेक्षा मोठा होता. ‘केमोने माणूस उगाच लवकर जातो’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. निदान हिंडत्याफिरत्या रुग्णांपुरते हे आकडे तसे म्हणत नाहीत. या चाचण्यांत घेतलेले बहुतेक रुग्ण चालतेफिरते होते, हे मात्र विसरता कामा नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तेच औषध तितकेच मानवेल, असे यावरून म्हणता येत नाही.

आणि हे सगळे आकडे मध्यकाचे आहेत. निम्मे रुग्ण त्याच्या आधी जातात, निम्मे नंतर, आणि नंतरची रांग पुष्कळ लांब असू शकते. 2014 च्या ‘रेनबो’ चाचणीत पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीला रामुसिरुमॅब दिल्यावर मध्यक 7.4 वरून 9.6 महिन्यांवर गेला. त्याच चाचणीत वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 30 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेले. डॉक्टरांनी ‘नऊ महिने’ सांगितले तर ती समोर बसलेल्या माणसाची मुदत नसते.

उलट, गाजावाजा झाला की फायदा होतोच असेही नाही. इम्युनोथेरपीची हवा जोरात असताना, 2018 मध्ये, दुसऱ्या फळीत पेंब्रोलिझुमॅब आणि साधे पॅक्लिटॅक्सेल यांची थेट लढत झाली. मध्यक 9.1 आणि 8.3 महिने, संख्याशास्त्राच्या कसोटीवर नवे औषध जुन्यावर मात करू शकले नाही.

हे ‘साधे’ पॅक्लिटॅक्सेल आले कुठून, हे मात्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे. 1925 मध्ये नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून अमेरिकेला गेले, इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून 1962 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडे रुजू झाले. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था तेव्हा हजारो झाडांचे अर्क तपासून घेत होती. वॉल आणि वाणी यांच्याकडे पॅसिफिक यू या वृक्षाची साल आली. 12 किलो वाळलेल्या सालीतून आणि लाकडातून त्यांच्या हाती अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ लागला. त्याची रचना 1971 मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्या शोधनिबंधावर पहिले नाव वाणी यांचे आहे. वॉल यांनी त्याला ‘टॅक्सॉल’ म्हटले. पुढे एका औषध कंपनीने ते नाव आपले व्यापारचिन्ह केले, म्हणून आज वैद्यक त्याला पॅक्लिटॅक्सेल म्हणते. पेशी विभागताना ज्या सूक्ष्म नळ्या सतत जुळतात आणि सुटतात, त्या हे औषध सुटूच देत नाही. न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी 1979 मध्ये हे दाखवले. डोसिटॅक्सेल हे त्याचेच भावंड, फ्रान्समध्ये युरोपीय यूच्या पानांतल्या द्रव्यापासून तयार केलेले.

दुसरे औषध, इरिनोटेकन, त्याचीही वंशावळ याच प्रयोगशाळेत पोहोचते. टॅक्सॉलच्या पाच वर्षे आधी, 1966 मध्ये, वॉल, वाणी आणि सहकाऱ्यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्पटोथेसिन वेगळे केले होते. ते काय करते, ते पाहण्यासारखे आहे. पिळाच्या दोराचे पदर मधूनच ओढून वेगळे करायला गेले की पुढचा पीळ घट्ट होत होत गाठी पडू लागतात. डीएनएच्या नकला काढताना पेशीपुढे हीच अडचण येते. त्यासाठी तिच्याजवळ एक विकर आहे: ते एक पदर कापते, पीळ मोकळा होऊ देते आणि पदर पुन्हा सांधते. कॅम्पटोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी शिरून बसते. सांधा होत नाही, नकला काढणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते आणि पेशी मरते. सत्तरच्या दशकात माणसांवर वापरले तेव्हा ते फार विषारी ठरले, मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, आणि ते बाजूला पडले. जपानच्या याकुल्ट कंपनीने, हो, त्याच ताकाच्या चवीच्या बाटल्यांच्या, त्यात फेरफार करून इरिनोटेकन घडवले.

या कथेला सह्याद्रीचाही धागा आहे. मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी 1972 मध्ये कळवले की पश्चिम घाटातल्या एका झाडातही कॅम्पटोथेसिन भरपूर आहे. ते झाड म्हणजे आपला नरक्या. मग पाटण, कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या रानांतून त्याची बेसुमार तोड आणि तस्करी झाली.

आता शिकागोच्या त्या निकालाकडे पुन्हा पाहावे. डेरक्स्टेकन म्हणजे प्रतिपिंडाला बांधून गाठीपर्यंत नेलेला, कॅम्पटोथेसिनच्याच कुळातला रेणू. त्याच्या विरुद्ध बाजूला होते पॅक्लिटॅक्सेल. चाचणीच्या दोन्ही बाजूंना वॉल आणि वाणी यांचेच काम होते. दोघांना 2000 मध्ये केटरिंग पारितोषिक मिळाले, 2003 मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने त्यांच्या शोधाला ऐतिहासिक टप्पा म्हणून मान दिला. नोबेल मिळाले नाही. वाणी एप्रिल 2020 मध्ये गेले, तेव्हा टाळेबंदी होती आणि महाराष्ट्रात त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. नंदुरबारच्या शाळा-महाविद्यालयांनी त्यांचा जन्मदिवस, 20 फेब्रुवारी, पाळायला हरकत नाही.

रुग्णाच्या घरच्यांनी मात्र एक गोष्ट आजच करावी. नवे औषध हर-टू असलेल्यांसाठीच आहे आणि असे रुग्ण साधारण पाचांत एक असतात. शिवाय पहिल्या उपचारानंतर गाठीवरचे हे प्रथिन काही जणांत नाहीसे होते, म्हणून त्या चाचणीत आधी पुन्हा तुकडा काढून तपासला होता. दुसऱ्या फळीचा विषय निघाला की डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: हर-टूची तपासणी झाली आहे का, ती आता पुन्हा करायला हवी का, आणि वेदनाशमनाचे उपचार केमोच्या बरोबरीने आजपासूनच सुरू करता येतील का.